खाऱ्या वाऱ्यात चांदीची तार : डीएनएच्या साच्यावर नॅनोतार काढतानाच्या नोंदी

१४ जून २०२४

वही आज उघडली. आमचं कॉलेज रत्नागिरीत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय मागून घेतला आणि मी मार्गदर्शक म्हणून हो म्हटलं. डीएनएचा रेणू काचेवर सरळ ताणून बसवायचा, त्याच्या अंगावर चांदी चढवायची आणि तयार झालेल्या तारेतून वीज जाते का ते मोजायचं. १९९८ साली इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन विद्यापीठात ब्राउन, आयकेन, सिवान आणि बेन-योसेफ यांनी अशी तार करून दाखवली. १२ मायक्रोमीटर लांब, सुमारे १०० नॅनोमीटर जाड, दोन सोन्याच्या इलेक्ट्रोडमध्ये बांधलेली. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा.)

कृती छापील मिळते. पण मृगाच्या पावसात, दमट खोलीत, लाइटचा भरवसा नसलेल्या गावात ती करताना काय होतं हे लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. म्हणून जे घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवणार आहोत.

खरेदी: लॅम्डा डीएनए (लॅम्डा नावाच्या विषाणूचा) २५० मायक्रोग्रॅम, ५,८०० रुपये. सिल्वर नायट्रेट २५ ग्रॅम, ३,६०० रुपये. कव्हरस्लिपांचे डबे ९०० रुपये. हायड्रोक्विनोन, सायट्रिक अ‍ॅसिड, अमोनिया कपाटात होतंच. योयो-१ हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग आम्हाला परवडण्यासारखा नाही. पुण्यातल्या एका मैत्रिणीने तिच्याकडे उरलेले १० मायक्रोलिटर बर्फात घालून पाठवले. हजारपट पातळ करून वापरायचा असल्यामुळे तेवढा वर्षभर पुरेल.

लॅम्डा घेण्याचं कारण साधं आहे. तो सहज मिळतो आणि त्याची लांबी ठरलेली आहे: ४८,५०२ बेस जोड्या. एका जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरलं तर साडेसोळा मायक्रोमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली लांबी मोजली की रेणू अख्खा आहे की तुटलेला, हे लगेच कळतं.

२१ जून

पहिल्याच आठवड्यात डीएनए तोडून ठेवला. चूक दोन ठिकाणी झाली. एक, अख्खी बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. मंगळवारी रात्री वादळाने लाइट गेली ती अकरा तासांनी आली. बाटली वितळली, परत गोठली, परत एकदा वितळली. दोन, पातळ करताना विद्यार्थिनीने सवयीप्रमाणे नळी व्हॉर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरली. लहान रेणूंना ते चालतं. साडेसोळा मायक्रोमीटरचा धागा त्यात टिकत नाही.

रंग घालून पाहिलं तर सगळे तुकडे ३ ते ६ मायक्रोमीटरचे. अख्खा असा एकही दिसला नाही. जवळजवळ ५० मायक्रोग्रॅम वाया.

आता उरलेला डीएनए छोट्या नळ्यांमध्ये वाटून ४ अंशावर ठेवलाय, फ्रीझरमध्ये नाही. पिपेटच्या टिपेचं टोक ब्लेडने कापून भोक मोठं करतो. ढवळायचं नाही, नळी हळूच उलटीसुलटी करायची. दोन नियम कपाटाच्या दारावर चिकटवले.

४ जुलै

डीएनए काचेवर सरळ ताणायचा तर काच पाणी झटकणारी हवी. ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेनचा थर देण्याची पद्धत आहे, ती धरली. तीन वेळा केली, तिन्ही वेळा काचेवर दुधाळ साय आली. खोलीतली आर्द्रता ९२ टक्के. हे सिलेन काचेला चिकटण्याआधी हवेतल्या पाण्यालाच भिडतं आणि स्वतःचेच गोळे करतं. वर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडतं ते वेगळं. त्या अ‍ॅसिडाकडे तेव्हा आम्ही नीट लक्ष दिलं नाही. पुढे त्याची आठवण काढावी लागली.

पावसाळ्यात ग्लोव्हबॉक्सशिवाय (हवाबंद, कोरड्या पेटीशिवाय) या वाटेने जाऊ नका. आमचे तीन आठवडे यात गेले.

११ जुलै

उपाय कचऱ्याच्या डब्यात होता. वापरून टाकायच्या पेट्री डिश पॉलिस्टायरीनच्या असतात. एक कोरी डिश फोडली, तुकडे टोल्युइनमध्ये विरघळवले, शेकडा दोनच्या प्रमाणात. जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर दुहेरी टेपने कव्हरस्लिप चिकटवली, मधोमध एक थेंब टाकला आणि पंखा सुरू केला. अर्ध्या मिनिटात थर वाळला. पाण्याचा थेंब टाकला तर अळूच्या पानावर राहावा तसा गोल राहिला. टोल्युइनचे ६०० रुपये, बाकी काही नाही. वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखालीच करा, वास डोक्यात जातो.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलही विरघळवून पाहिला. थर बसतो, पण त्यात बारीक खडे दिसतात. पेट्री डिशच बरी.

१९ जुलै

आजचा दिवस आनंदाचा.

ताणण्याची रीत अशी: डीएनएच्या द्रावणात काच उभी बुडवायची आणि अगदी सावकाश, एकसारख्या वेगाने वर काढायची. पीएच ५.५ च्या आसपास असला की धाग्याची टोकं पॉलिस्टायरीनला धरतात, मधला भाग मोकळा राहतो. पाण्याची कड खाली सरकताना तो धागा केस विंचरावेत तसा सरळ करत जाते. वेग सेकंदाला सुमारे ३०० मायक्रोमीटर. अशी काच हाताने काढता येत नाही आणि मोटर लावली तर तिची थरथर काचेत उतरते.

आम्ही काच हलवलीच नाही. स्टँडला टांगून ठेवली. खाली उभा प्लॅस्टिकचा डबा पाण्याने भरलेला, त्यात मासळीच्या पेटीतल्या थर्माकोलचा तरंगता तुकडा, तुकड्यावर डीएनएची छोटी कुपी. डब्याच्या तळाला सलाइनचा सेट लावून पाणी सोडून दिलं. डब्याचं तोंड ५० चौरस सेंटिमीटरचं, पाणी मिनिटाला ९० मिलि, म्हणजे पातळी मिनिटाला १८ मिलिमीटर उतरते. तेच सेकंदाला ३०० मायक्रोमीटर. पाणी उतरतं तशी कुपी उतरते आणि काच आपसूक बाहेर येते. सवा मिनिटाचं काम. खिडक्या लावून, पंखा बंद करून, तिघी श्वास धरून उभ्या होतो. काच कोरडीच बाहेर आली, एक थेंबही चिकटलेला नाही. तसं झालं तरच समजायचं की काम नीट झालं.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ५० मिलिमोलर एमईएस, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.५ वर आणलेला. डीएनए एका मायक्रोलिटरला अर्धा नॅनोग्रॅम.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली, शंभराच्या तेलाच्या भिंगातून हिरव्या समांतर रेघा दिसल्या. भाताच्या लावणीच्या ओळींसारख्या, सगळ्या एकाच दिशेने. लांबी २१ ते २४ मायक्रोमीटर, कारण ताणताना धागा मूळ लांबीच्या दीडपटीपर्यंत खेचला जातो.

२ ऑगस्ट

पहिली चांदी. क्रम असा ठेवला: ताणलेली काच अमोनिया घातलेल्या सिल्वर नायट्रेटमध्ये पाच मिनिटं, म्हणजे चांदीचे आयन डीएनएवर बसतात. मग अल्कलाइन हायड्रोक्विनोन, त्याने तिथल्या तिथे चांदीचे बारीक कण होतात. मग डेव्हलपर: पीएच ३.५ चा सायट्रेट बफर, त्यात हायड्रोक्विनोन आणि १ मिलिमोलर सिल्वर नायट्रेट. आधी बसलेल्या कणांवर यातली चांदी येऊन साचते आणि कण वाढून एकमेकांना भिडतात.

इथे एक सूचना काळजीपूर्वक वाचा. अमोनियातलं सिल्वर नायट्रेट लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच करायचं आणि काम संपताच अ‍ॅसिड घालून मोडून टाकायचं. ते ठेवून दिलं किंवा वाळू दिलं तर त्यात स्फोटक संयुगं तयार होतात. आमच्याकडे ते १० मिलिपेक्षा जास्त कधीही करत नाही आणि मी स्वतः समोर असल्याशिवाय कोणी करत नाही.

निकाल: पूर्ण काच करडी. रेघ नाही, ओळ नाही. सगळीकडे सारखे कण, धुक्यासारखे.

९ ऑगस्ट

आठवडाभर प्रमाणं बदलून पाहिली. चांदी कमी, वेळ कमी, हायड्रोक्विनोन निम्मं. धुकं कमी होतं, पण रेघा येत नाहीत. अकरा काचा गेल्या.

शेवटी बाजारपेठेतल्या एका जुन्या फोटोग्राफर काकांकडे गेले. त्यांनी पंचवीस वर्षं कृष्णधवल फोटो स्वतः धुतले आहेत. हायड्रोक्विनोन आणि चांदी म्हणजे त्यांचाच धंदा. त्यांनी काच उजेडात धरली आणि विचारलं, "बाई, कोरी काच टाकून बघितलीत का?"

नव्हती बघितली.

"आम्ही आधी कोरा कागद टाकायचो. कोरा कागद काळा झाला तर दोष फोटोचा नाय, डेव्हलपरचा नायतर पाण्याचा. आणि तुमची खोली किती गरम आहे? डेव्हलपर वीस अंशावर ठेवायचा. एकतीसला तो कोणाचं ऐकत नाय."

त्यांनी माळ्यावरून लाल दिवा काढून दिला, पैसे घेतले नाहीत. परत येऊन डीएनए नसलेली कोरी काच डेव्हलपरमध्ये टाकली. तीही तशीच करडी झाली. अकरा काचांआधी ही एक कोरी काच टाकली असती तर आठवडा वाचला असता.

३० ऑगस्ट

ही नोंद लांब आहे. समुद्राकाठी हे काम करणाऱ्याने एवढी एक वाचली तरी चालेल.

दोष क्लोराइडचा होता. चांदीच्या आयनाला क्लोराइड भेटलं की सिल्वर क्लोराइडचा साका बसतो, उजेडात तो काळवंडतो आणि त्याच्या प्रत्येक कणावर डेव्हलपर चांदी चढवत सुटतो. शंका मला २ ऑगस्टलाच आली होती. पण मी पाणी निर्दोष ठरवलं, कारण चांदीची पहिली बाटली काचेसारखी स्वच्छ राहिली होती. चूक तिथेच झाली. त्या बाटलीत अमोनिया होता आणि सिल्वर क्लोराइड अमोनियात विरघळतं. क्लोराइड पाण्यात होतंच, अमोनियाने ते झाकून ठेवलं होतं. पुढे अ‍ॅसिडिक डेव्हलपरमध्ये गेल्यावर ते उघडं पडायचं. पाण्याची परीक्षा नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब घालून साध्या सिल्वर नायट्रेटनेच करा, काळ्या कागदावर, बाजूने टॉर्च मारून.

किती क्लोराइड पुरतं याचा हिशेब फळ्यावर मांडला. १ मिलिमोलर चांदीला लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमच्या वर क्लोराइड गेलं की साका बसू शकतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅम असतं. म्हणजे समुद्राचा एक थेंब, ५० मायक्रोलिटर, अशा दीडशे लिटर द्रावणाची ती मर्यादा ओलांडून देईल. टॉर्चच्या उजेडात गढूळपणा दिसायला याहून पुष्कळ जास्त लागतं, म्हणून "दिसलं नाही" याचा अर्थ "नाही" असा घ्यायचा नाही.

मग शोध सुरू केला. सापडलेली ठिकाणं, सापडली त्या क्रमाने:

पाणी. आमच्या डिस्टिलेशन यंत्राला बोअरवेलचं पाणी जातं, ते खाडीमुळे खारट आहे. उकळताना तुषार उडून पलीकडे जातात. बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलेलं, आत टॉर्चच्या उजेडात निळसर झाक. एका विद्यार्थिनीने पागोळीचं पाणी धरून आणलं, पावसाचं म्हणजे शुद्ध असणार म्हणून. तेही निळसर. इथला पाऊस समुद्रावरचं मीठ घेऊनच येतो. शेवटी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं पाणी आणलं, १० मिलिच्या ५० कुप्या, २५० रुपये. त्यात काहीच दिसलं नाही. आमची द्रावणं मिलिलिटरांत असतात, त्यामुळे परवडतं.

पाणी बदलल्यावर धुकं निम्म्यावर आलं, पण गेलं नाही.

पीएच मीटर. हे शोधायला आठ दिवस लागले. त्याच्या इलेक्ट्रोडमध्ये तीन मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि ते थोडं थोडं बाहेर झिरपणं हेच त्याचं काम आहे. आम्ही सायट्रेटच्या बाटलीत इलेक्ट्रोड वीस मिनिटं बुडवून, थेंब थेंब घालत पीएच जुळवत होतो. म्हणजे जी बाटली चांदीसाठी करायची, तिच्यात स्वतःच्या हाताने क्लोराइड सोडत होतो. आता चमचाभर द्रावण वेगळं काढून मोजतो आणि ते फेकून देतो.

वारा. याची खात्री करायला चार कोऱ्या काचा घेतल्या. दोन खिडकीशेजारी वाळवल्या, दोन बंद कपाटात. मग चारही एकाच डेव्हलपरमध्ये. खिडकीजवळच्या काचांवर भिंगाच्या एका दृश्यात २०० च्या वर कण, कपाटातल्यांवर ३०-३५. खाडीवरून येणारा खारा वारा थेट काचेवर मीठ ठेवून जात होता.

बोटं. उघड्या हाताने धरलेल्या कोपऱ्यावर घामाचा ठसा काळा उमटतो, रेषांसकट. एक काच तशीच जपून ठेवली आहे, नव्या मुलांना दाखवायला.

डीएनए ज्या बफरमध्ये येतो त्यातही क्लोराइड असतं, पण हजारपट पातळ केल्यावर आणि ताणलेली काच दोनदा धुतल्यावर ते उरत नाही. आणि जुलैतलं ते ट्रायक्लोरोसिलेन! त्याची काच चुकून दुधाळ झाली नसती, तर आम्ही तीच वापरली असती आणि क्लोराइडचं आणखी एक ठिकाण वाढलं असतं.

५ सप्टेंबर

उद्यापासून कॉलेज गणपतीसाठी बंद. डीएनएच्या नळ्या फ्रिजच्या दारातून काढून आतल्या कप्प्यात, थंड पॅकमध्ये ठेवल्या. शिपाईकाकांना लाइट गेल्यास फ्रिज उघडू नका एवढंच सांगितलं.

२४ सप्टेंबर

रेघा आल्या.

डेव्हलपर २० अंशावर, चार मिनिटं. दोन्ही भाग वेगळे थंड करून काच टाकायच्या क्षणी मिसळले, लाल दिव्याखाली. शेजारी कोरी काच, त्याच डेव्हलपरमध्ये. डार्कफील्डसाठी, म्हणजे काळ्यावर फक्त कणांनी पसरवलेला उजेड दिसावा म्हणून, कंडेन्सरखाली काळ्या कागदाची चकती कापून लावली. आधी कोरी काच पाहिली: काळं आभाळ, इकडेतिकडे तुरळक ठिपके. मग डीएनएची. काळ्यावर पांढुरक्या, बारीक, सरळ रेघा, काही ठिकाणी निळसर, काही ठिकाणी पिवळट, कारण कणाचा आकार बदलला की तो पसरवतो तो रंग बदलतो. एक रेघ मी टोकापासून टोकापर्यंत फोकस हलवत पाहिली. ती सलग नव्हती. मण्यांची पोत असते तशी, मणी, मणी, मणी, मग जरा मोकळी जागा, परत मणी.

जाडी या सूक्ष्मदर्शकाने मोजता येत नाही. उजेडाच्या भिंगाला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही. रेघ दिसते ती तिच्यावरून परतलेल्या उजेडामुळे. म्हणून इतक्यात "नॅनोतार झाली" असं लिहीत नाही.

फोटोग्राफर काकांना बोलावून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसले होते. उठले आणि म्हणाले, "अजून अर्धं मिनिट ठेवा."

९ ऑक्टोबर

एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरला. डबा मांडीवर, आत सिलिका जेल. एसईएमची (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) वेळ दोन तासांची मिळाली.

पहिली काच वाया गेली. पॉलिस्टायरीन आणि काच दोन्ही वीज वाहत नाहीत, त्यामुळे चित्र थरथरत होतं. चालवणाऱ्याने व्होल्टेज वाढवलं तसा थर इलेक्ट्रॉनच्या शलाकेखाली वितळून सुरकुतला. दुसऱ्या काचेवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन, कमी व्होल्टेजवर पाहिलं. तार दिसली: ४० ते ७० नॅनोमीटरचे कण रांगेत, पुष्कळसे भिडलेले. रुंदी जागोजागी ८० ते १३०. टेक्निऑनच्या तारेतही ३० ते ५० नॅनोमीटरचे कण एकमेकांना लागून बसलेले होते. काकांचं अर्धं मिनिट बरोबर होतं: साडेचार मिनिटांच्या काचेवर मोकळ्या जागा निम्म्याहून कमी.

आणखी एक गोष्ट तिथे उलगडली. काही तारांमध्ये मोठे खंड होते आणि ते सगळे काचेच्या एकाच भागात. चांदी चढवायच्या आधी आम्ही नेमका तोच भाग योयोच्या निळ्या उजेडात पाच-सहा मिनिटं न्याहाळत होतो. योयो लागलेला डीएनए त्या उजेडात तुटतो. आता जोडकाच करतो. एक रंग लावून पाहायला, दुसरीला ना रंग ना उजेड, ती सरळ चांदीत.

एसईएमच्या तीन फेऱ्यांचे मिळून ४,५०० रुपये झाले, प्रवास आणि जेवण २,४००.

२६ ऑक्टोबर

काचा करायची वेळ बदलली. एका विद्यार्थिनीचे वडील मच्छीमार आहेत. खिडकीशेजारच्या काचांची गोष्ट ऐकून ते म्हणाले, सकाळी मतलई असते तोवर करा, दहा-अकरानंतर वारा फिरतो. मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा पहाटेचा वारा. पाऊस गेल्यापासून तो रोज आहे. सकाळी सातला येऊन साडेनऊपर्यंत काचा संपवायला लागलो. कोऱ्या काचेवरचे कण ३०-३५ वरून १०-१२ वर आले. इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. आता वहीत प्रत्येक काचेपुढे वाऱ्याची दिशा लिहितो.

१९ नोव्हेंबर

वीज मोजायची तर तारेच्या दोन्ही टोकांना धातू पोचवायला हवा आणि मधे १० ते १५ मायक्रोमीटरची फट राखायला हवी. अशी फट आखायचं यंत्र आमच्याकडे नाही. माणसाचा केस ६०-७० मायक्रोमीटरचा, आमच्या तारेच्या तिप्पट. पण फायबरच्या होड्या दुरुस्त करायला काचतंतूंची चटई वापरतात, तिचा एकेक तंतू केसाहून पुष्कळ बारीक असतो. पावसाळ्यातल्या दुरुस्तीतून त्याच मच्छीमार काकांकडे उरलेला हातभर तुकडा आणला. टोल्युइन नव्हे, अल्कोहोलने धुतला (टोल्युइनने खालचं पॉलिस्टायरीन जाईल). एक तंतू मोजला: १२ मायक्रोमीटर.

तो तंतू चांदी चढवलेल्या काचेवर, तारांना आडवा, ताणून बसवला, दोन्ही टोकं टेपने घट्ट. मग कोल्हापूरला वरून सोन्याची वाफ दिली, ३,००० रुपये. तंतू उचलला की त्याच्या सावलीत सरळ फट राहते आणि तारांची टोकं दोन्हीकडे सोन्याखाली दबलेली असतात. पाच काचांपैकी दोन जमल्या. दोन ठिकाणी तंतू मधेच उचलला गेला होता, त्यामुळे सोनं खालून जोडलं गेलं. एक काच उष्णतेने सुरकुतली, कारण ती उगमाच्या फार जवळ ठेवली गेली.

२८ नोव्हेंबर

मोजणी. दीड व्होल्टचा सेल, ओळीत १ मेगाओहमचा रेझिस्टर, त्याच्यावरचा व्होल्टेज मल्टिमीटरने. पहिल्याच वेळी ५२ मिलिव्होल्ट आले आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी कोरी काच लावायला सांगितली, तशीच सोनं दिलेली, तशीच फट असलेली, पण डीएनए नसलेली. तिच्यावर ३८ मिलिव्होल्ट. म्हणजे वीज मुख्यतः काचेवरच्या दमट खारट पापुद्र्यातून जात होती.

दोन्ही काचा इंजेक्शनच्या पाण्याने धुऊन, सिलिका जेलच्या बरणीत दोन रात्री ठेवल्या.

३० नोव्हेंबर

बरणीच्या झाकणाला भोक पाडून वायरी आत घेतल्या, म्हणजे काच बाहेर काढावी लागत नाही.

कोरी काच: आकडा ०.१ आणि ०.२ मिलिव्होल्टमध्ये हलतो, म्हणजे कित्येक गिगाओहम. डीएनएची काच: ३० मिलिव्होल्ट, स्थिर. मीटरचा स्वतःचा १० मेगाओहम धरून हिशेब केला तर फटीचा रोध सुमारे ४५ मेगाओहम. फटीवरून जाणाऱ्या रेघा डार्कफील्डमध्ये ४१ मोजल्या. एसईएममध्ये पाहिलेले खंड लक्षात घेतले तर यातल्या थोड्याच तारा सगळी वीज नेत असणार.

१२ मायक्रोमीटर लांब, १०० नॅनोमीटर जाड अशी भरीव चांदीची एक तार असती तर तिचा रोध २५ ओहमच्या आसपास आला असता. आमची तार म्हणजे कणांची रांग, आणि हा सगळा फरक कणाकणांमधल्या सांध्यांमध्ये आहे. टेक्निऑनची तारसुद्धा मेगाओहमांतच होती. तरीही कोरी काच शून्यावर आणि ही तीसवर, हे मी चार वेळा काचा आलटून पालटून पाहिलं. चारही वेळा तेच.

१२ डिसेंबर

दुसरी जमलेली काच मुद्दाम नऊ दिवस टेबलावर उघडी ठेवली होती. ठेवताना ४३ मेगाओहम होती. आज बरणीत घालून, वाळवून मोजली तर कोऱ्या काचेसारखी. डार्कफील्डमध्ये रेघा आहेत, पण मळकट, जागोजागी विझलेल्या. बरणीतली पहिली काच आज ४८ मेगाओहम.

एकूण खर्च २१,०५० रुपये, त्यातले कमी करण्यासारखे बरेच. सिल्वर नायट्रेट सहा महिन्यांत २ ग्रॅमसुद्धा संपलेलं नाही, १० ग्रॅमची बाटली पुरली असती. वापरलेली सगळी द्रावणं एका भांड्यात जमा करून त्यात मूठभर मीठ टाकतो, चांदी क्लोराइड होऊन तळाला बसते. ती वाळवून ठेवली आहे.

४ अंशावर डीएनएच्या तीन नळ्या शिल्लक आहेत, योयोचे ६ मायक्रोलिटर आणि इंजेक्शनच्या पाण्याच्या १४ कुप्या. किनाऱ्यावरच्या कोणत्याही कॉलेजला सुरुवात करायची असेल तर यातली एक नळी आणि कुपी उतरवायचा डबा, सलाइनच्या सेटसकट, आम्ही देऊ. सकाळी सातला या, वारा फिरायच्या आत पहिली काच काढून दाखवू.